गो-कार्टचे स्प्रॉकेट व साखळी : जमिनीच्या आघातापासून संरक्षण कसे करावे?

वैशाली नगर (भिलाई, छत्तीसगड) : 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झालेली भिलाई पोलादासाठी ओळखली जाते. दुर्ग-भिलाई परिसरात अभियांत्रिकी शिक्षणाच्याही संस्था आहेत. देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोटारसायकलचे इंजिन बसवून गो-कार्ट तयार करतात. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या आहेत. या छोट्या वाहनाचा एक नाजूक भाग मात्र सहज दुर्लक्षिला जातो. तो म्हणजे मागच्या ॲक्सलवरील स्प्रॉकेट.

गो-कार्टला सस्पेन्शन नसते. मागच्या टायरचा व्यास सुमारे 28 सेंटिमीटर, म्हणजे ॲक्सल जमिनीपासून जेमतेम 14 सेंटिमीटर उंच असते. शर्यतीच्या कार्टमधील 219 क्रमांकाच्या साखळीचे 80 दात्यांचे स्प्रॉकेट घेतल्यास त्याची त्रिज्या सुमारे 10 सेंटिमीटर भरते. साखळीसह हिशेब केल्यास जमिनीपर्यंतचे अंतर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उरते. वळणावरील उंच कडेवर चाक चढले किंवा कार्ट धावपट्टीबाहेर गेले, की हे अंतर संपते. दाते वाकतात आणि साखळी निसटते. ती ॲक्सलभोवती गुंडाळली गेल्यास मागची दोन्ही चाके एकाच वेळी अडून कार्ट गरकन फिरू शकते.

यावरील उपाय पोलादाचा नसून नायलॉनसारख्या चिवट प्लास्टिकचा आहे. साखळीच्या बाह्य कडेपेक्षा किंचित मोठी चकती स्प्रॉकेटलगत बोल्टने बसवली जाते. जमिनीचा आघात चकती झेलते आणि स्वतः झिजते. दोन अर्ध्या भागांची चकती ॲक्सल न काढता बदलता येते.

तथापि चकतीमुळे जमिनीपासूनचे अंतर आणखी घटते. म्हणून शक्य असल्यास आधी स्प्रॉकेट लहान करावे. 11 व 80 दात्यांऐवजी 10 व 73 दाते वापरल्यास गतीचे गुणोत्तर जवळपास तेच राहते आणि सुमारे 9 मिलिमीटर अंतर वाढते. मात्र पुढचे स्प्रॉकेट लहान असल्याने ते व साखळी लवकर झिजतात.

आघातानंतर इंजिन बंद करून मागचे चाक हाताने फिरवावे. वाकलेला दाता, स्प्रॉकेटचे डगमगणे किंवा आखडलेली कडी आढळल्यास तो भाग बदलावा. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत असल्याची खात्री सरळ पट्टीने करून घ्यावी.

चकती यंत्राचे रक्षण करते. माणसासाठी वरून व बाजूने साखळी झाकणारे भक्कम आवरण वेगळे हवे. फेब्रुवारी 2020 मध्ये हरियाणातील पिंजोर येथे गो-कार्टच्या फिरत्या भागात केस अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला होता. म्हणूनच केस व ओढणी घट्ट बांधल्याखेरीज आणि आवरण बसवल्याखेरीज कार्ट सुरू करू नये.