खडूतलं तेल आणि भेगेची वाट

तेलसाठ्यांचं सिम्युलेशन शिकायला आमच्या गटात नवीन मुलं आली की मी त्यांना आधी एकोफिस्कबद्दल सांगते. नॉर्वेच्या हद्दीत, उत्तर समुद्राच्या तळाखाली सुमारे तीन किलोमीटर खोल असलेलं हे तेलक्षेत्र १९६९ मध्ये सापडलं. तिथला खडक म्हणजे चक्क खडू. त्यात पोकळ जागा भरपूर, ठिकठिकाणी तीस-चाळीस टक्के. पण छिद्रं इतकी बारीक की तेल हलता हलत नाही. तरीही विहिरी जोरात वाहिल्या, त्या खडूला पडलेल्या नैसर्गिक भेगांमुळे.

भेगेची ताकद आकड्यांत पाहावी. दोन गुळगुळीत भिंतींमधला प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट. खडकातून द्रव किती सहज जातो ते डार्सी या एककात मोजतात. एक दशांश मिलिमीटर रुंदीची सरळ भेग आठशे डार्सींच्या वर भरते, अखंड खडू जेमतेम काही मिलिडार्सी. खोलवरच्या भेगा खडबडीत, अर्धवट मिटलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक बराच कमी. तरी वाट भेगेचीच, आणि साठा खडूचा.

या दुहेरी स्वभावाचं गणित बारेनब्लाट, झेल्टोव्ह आणि कोचिना यांनी सोव्हिएत संघात १९६० मध्ये मांडलं. १९६३ मध्ये वॉरन आणि रूट यांनी ते तेल अभियंत्यांच्या हाती दिलं. त्यांच्या चित्रात खडक साखरेच्या चौकोनी खड्यांसारखा रचलेला आहे: खड्यांत साठा, मधल्या फटींत वाहतूक. संगणकात जागा एकच, पण दाब दोन, एक भेगेचा आणि एक खडकाचा. दोघांना जोडतो तो एक आकडा: खडक भेगेला किती वेगानं तेल देतो.

सगळं मॉडेल या आकड्यावर उभं असतं, असं माझं ठाम मत आहे. भेगांची देखणी त्रिमितीय चित्रं काढण्यात आठवडे घालवायचे आणि हा आकडा कुठल्या तरी जुन्या फाइलमधून उचलायचा, हे मला बघवत नाही. विहीर स्वतः तो सांगते. ती सुरू केली की आधी भेगांतलं तेल निघतं आणि दाब भराभर पडतो. मग घसरण काही काळ थबकते, कारण खडकानं पुरवठा सुरू केलेला असतो.

एकोफिस्कमध्ये तेल उपसलं तसा दाब घटला, खडू दबला, समुद्रतळ खचला. १९८७ मध्ये पोलादी प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी तेलसाठ्यात मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली. धास्ती उघड होती: पाणी भेगांतून थेट शेजारच्या विहिरीत निघून गेलं तर तेल खडूतच राहणार.

तेलानं भरलेला खडूचा कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, प्रयोगशाळेत पाण्यात बुडवलेला मी पाहिला आहे. कुणी दाब देत नाही, तरी त्याच्या अंगावर तपकिरी थेंब फुटतात, फुगतात आणि सुटून वरच्या काचेच्या मानेत जमतात. पाणी केशाकर्षणानं आत शिरतं आणि तेलाला बाहेर घालवतं. मात्र त्यासाठी खडकाला पाणी मानवायला हवं. तेल धरून ठेवणाऱ्या चुनखडीत हेच पाणी भेगेतून नुसतं निघून जातं. एकोफिस्कच्या खडूनं पाणी स्वीकारलं. सुरुवातीला सतरा-अठरा टक्के तेल हाती येईल असा अंदाज होता. आता तो पन्नास टक्क्यांच्या वर आहे. खचणं मात्र लगेच थांबलं नाही, कारण पाण्यानं खडू आणखी मऊ पडतो.

सगळेच भेगाळ साठे असे दुहेरी नसतात. मुंबई हाय या तेलक्षेत्रात मुख्य चुनखडीच्या खाली पायाचा कठीण खडक आहे. त्याच्या भेगांतही तेल मिळालं आहे. तिथे साखरेचं चित्र उपयोगाचं नाही, कारण अखंड खडकात साठा जवळजवळ नसतोच. कोणती भेग कोणत्या भेगेला जाऊन मिळते, हाच तिथे सगळा प्रश्न, म्हणून भेगांचं जाळंच एकेक भेग धरून मांडावं लागतं. अशा वेळी खोदताना विहिरीत फिरवलेला चिखलासारखा द्रव, म्हणजे मड, भेगेत शिरून अचानक कुठे गायब झाला, ही ड्रिलरनं लिहून ठेवलेली नोंद मी सगळ्यात आधी मागवते. मड ज्या खोलीवर गेला, त्या खोलीपासून जाळं मांडायला घेते.