मंजुरीचे कुलूप

एचएसआर लेआउट हे सह्यांवर वसलेले उपनगर आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून त्याचे नाव पडले. बंगळूरच्या दक्षिण-पूर्व कडेला, आगरा तळ्याच्या आसपास, शेतजमीन संपादित झाली. १९७६ च्या कायद्याने जन्मलेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे इथल्या बोलीतल्या बीडीएने, तिचे सेक्टर पाडले आणि साइटी वाटल्या. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे आता इथल्या मेन-क्रॉसच्या चौकटींत रुळली आहेत. त्यांच्या घराचा कागद मागे मागे नेला की तो कुणा अधिकाऱ्याच्या सहीपाशीच थांबतो. संपादनाची अधिसूचना, वाटपाचे पत्र, आणि या शहराने अवघ्या देशाच्या राजकारणाला दिलेला शब्द म्हणजे डीनोटिफिकेशन (जमीन संपादनातून वगळणे), या साऱ्या सह्याच. सही चुकीची असते, मेहेरबानीची असते किंवा लुटीची असते. कागदावर मात्र तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांतली कोणती गुन्हा आणि ते कुणी ठरवायचे, हा या लेखाचा विषय. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात केव्हा उभे करता येते, या प्रश्नावर आपल्याकडे गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे वाद चालू आहे. तो पुढे सरकण्याऐवजी मागे सरकला आहे, असे माझे म्हणणे आहे.

या वादाच्या मुळाशी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी माणसावरच्या खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी हवी, असे ते सांगते. १८९८ च्या संहितेत ते होते, १९७३ च्या संहितेत राहिले, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८ म्हणून नांदते आहे. मंजुरीच्या या प्रश्नाच्या आरंभीच्या इतिहासातली दोनच प्रकरणे इथे पुरेत. १९३९ साली फेडरल न्यायालयापुढे होरी राम सिंग या पंजाबातल्या सरकारी डॉक्टराचा खटला आला. इस्पितळातली औषधे घरी नेल्याचा आणि नोंदवहीत खोटे लिहिल्याचा असे दोन आरोप होते. खोट्या नोंदीसाठी सरकारची संमती हवी, औषधे लांबवण्यासाठी नको, असा निवाडा झाला. वही भरणे हे त्याचे काम होते, औषधे घरी नेणे नव्हते. १९४८ साली गिल खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हीच रेघ आणखी ठसठशीत केली. रुग्णाला तपासणे हे सरकारी डॉक्टराचे काम. तपासता तपासता त्याचा खिसा कापणे हे नव्हे. ‘माझ्या पदामुळेच मी हे केले’ असे आरोपीला रास्तपणे म्हणता येते का, ही कसोटी ठरली.

पण रेघ इतकी सोपी असती तर विव्हियन बोस यांना लेखणी झिजवावी लागली नसती. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेला हा न्यायमूर्ती आपल्याकडच्या कायद्याच्या चर्चेत आज फारसा आठवला जात नाही, याची मला खंत आहे. १९५५ चा श्रीकंठय्या रामय्या मुनिपल्ली खटला पुण्याजवळच्या लष्करी अभियांत्रिकी भांडारातला. सरकारी माल परस्पर विकून पैसे खाल्ल्याचा आरोप होता. गुन्हा करणे हे कुणाचेच कर्तव्य नसते, तेव्हा कर्तव्यात गुन्हा बसत नाही आणि मंजुरीचा प्रश्नच उरत नाही, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. बोस यांनी तो एका वाक्यात उलटवला. असे म्हटले तर कलम कधीच लागू होणार नाही, आणि कायदेमंडळाने निरर्थक कलम लिहिले असे कसे मानायचे? पाहायचे ते कर्तव्य नव्हे, कृत्य. पदाचे काम नीट केले तरी ते पदाचेच काम असते, आणि वाईट हेतूने केले तरी पदाचेच असते. माल भांडाराबाहेर सोडायचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने तो सोडला. हेतू काळा होता म्हणून सोडण्याचे कृत्य खाजगी होत नाही. त्याच वर्षी माताजोग दुबे खटल्यात घटनापीठाने कृत्य आणि कर्तव्य यांच्यात रास्त संबंध हवा असे सांगितले. आणखी एक गोष्टही सांगितली, जी पुढच्या लोकांनी सोयीस्कर बाजूला ठेवली. मंजुरी लागते की नाही हे तक्रारीवरूनच ठरायला हवे असे नाही. खटल्याच्या ओघात, पुरावा समोर आल्यावरही ते ठरू शकते. माझा सगळा लेख या एका मुभेवर उभा आहे.

या मुभेचे मोल पोलिसांच्या खटल्यांत सर्वांत नीट कळते. जुन्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम १६१ पदाच्या आवरणाखाली केलेल्या कृत्यांना मुदतीचे संरक्षण देते. १९६३ च्या विरूपाक्षप्पा कदमपूर खटल्यात, मुंबई प्रांतातून मैसूरकडे गेलेल्या भागातल्या एका हवालदाराने गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. पंचनामा करणे हे त्याचे काम, म्हणून खोटा असला तरी तो आवरणाखालीच, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. बोस यांचेच तर्कशास्त्र ते. तीनच वर्षांनी, १९६६ साली, महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या खटल्यात कबुलीसाठी संशयिताला मारहाण करणाऱ्या पोलिसांनी तेच संरक्षण मागितले आणि ते नाकारले गेले. कायद्याने पोलिसाला चौकशीचा अधिकार दिला आहे, मारण्याचा दिलेलाच नाही. मग ते कृत्य पदाचे कसे? या दोन निकालांत विसंगती नाही. पंचनामा खराही असू शकतो आणि खोटाही. कबुलीसाठीच्या मारहाणीला खरे रूप नसतेच. आता २०२० चा देवराज निकाल पाहा. बंगळूरच्याच एका पोलीस उपायुक्तावर कोठडीतल्या मारहाणीची तक्रार होती. कलम १९७ आणि कर्नाटक पोलीस कायद्याचे कलम १७० एकत्र वाचून सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कर्तव्यात अतिरेक झाला तरी कर्तव्याशी रास्त संबंध असेल तर मंजुरी हवी, असे सांगितले. एप्रिल २०२५ मधल्या जी. सी. मंजुनाथ प्रकरणात, तेही कर्नाटकातलेच, हाच सूर कायम राहिला. ‘अतिरेक’ ही संकल्पना गर्दीवर लाठी चालवताना लागू पडते, कारण तिथे थोडे बळ कायदेशीर असते आणि जास्त बेकायदा. बंद खोलीत हात बांधलेल्या माणसाच्या बाबतीत किती बळ कायदेशीर? शून्य. शून्याचा अतिरेक होत नाही. त्या खोलीत खरोखर काय झाले हे पुराव्याशिवाय ठरत नाही, आणि पुरावा येण्याआधीच तक्रार संपते.

मंजुरीचे हे दार खटल्याच्याही मागे मागे कसे सरकवले गेले, ते पाहण्यासारखे आहे. कलमाचा शब्द होता दखल. म्हणजे न्यायालयाने खटला हाती घेण्याच्या क्षणी मंजुरी हवी. ऑक्टोबर २०१३ मध्ये अनिलकुमार विरुद्ध अय्यप्पा या प्रकरणात, बंगळूरच्याच जमिनीवरून आलेल्या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भ्रष्टाचाराच्या खाजगी तक्रारीवर नुसत्या तपासाचा आदेश द्यायलाही आधी मंजुरी हवी. खाजगी तक्रारीची जी परंपरा कर्नाटकात लोकायुक्तांच्या विशेष न्यायालयापुढे रुजली होती, तिच्या मुळावरच हा घाव होता. या निकालाविषयी खुद्द न्यायालयातच शंका उठल्या आणि २०१८ साली मंजू सुराणा प्रकरणात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. त्याच वर्षी संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ घालून दार आणखी मागे नेले. पदाच्या अधिकारात केलेल्या शिफारशीची वा घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्यासाठीच पूर्वसंमती. वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्यांपुरती अशीच तरतूद घटनापीठाने मे २०१४ मध्ये समानतेच्या मुद्द्यावर रद्द केली होती. उत्तर काय शोधले? ती सगळ्यांनाच लागू केली. समानता साधली खरी!

इथे एक वर्ग हमखास उभा राहतो. कुलूप काढा तर अधिकारी सही करायलाच घाबरतील, फाइली पडून राहतील, असे तो म्हणतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोळसा खात्याचे माजी सचिव एच. सी. गुप्ता यांना २०१७ साली खाणवाटपाच्या प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या सचोटीची ग्वाही देणारे सहकारी कमी नव्हते. तेव्हाच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १३ च्या एका उपकलमाने सार्वजनिक हिताविना कुणाला आर्थिक लाभ मिळवून देणे एवढेच गुन्हा ठरवले होते. लाच घेतली का, हेतू काय होता, हे विचारायची सोय नव्हती. हे उपकलम वाईट होते आणि २०१८ च्या दुरुस्तीने ते काढले, हे योग्यच झाले. माझा मुद्दा नेमका हाच आहे. प्रामाणिक चुकीला संरक्षण द्यायची जागा गुन्ह्याच्या व्याख्येत आहे. चूक म्हणजे गुन्हा नव्हे असे कायद्याने एकदा स्पष्ट लिहिले, की प्रामाणिक अधिकाऱ्याला चौकशीचे भय उरत नाही. व्याख्याही घट्ट केली आणि वर कुलूपही घातले, मग ते कुलूप कुणासाठी? निर्दोष माणसाला व्याख्येनेच वाचवले होते.

आणि किल्ली कुणाकडे? याचा दाखला आपल्या महाराष्ट्राइतका चांगला कुठला नाही. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात, १९८४ च्या घटनापीठाच्या निकालाने, ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटले की मंजुरीची गरज उरत नाही असे ठरले. २०१८ च्या दुरुस्तीने निवृत्तांनाही संरक्षण देऊन तो निकाल पुसला. आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरच्या खटल्याला मंजुरी नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोप तेच, माणूस तोच. मधल्या काळात बदलले ते केंद्रातले आणि राज्यातले सरकार. चव्हाण दोषी की निर्दोष हा इथे मुद्दाच नाही. न्यायालयात पुराव्याने ठरायची गोष्ट राजभवनात ठरली, ही अडचण आहे. ख्वाजा युनूस याच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात चौकशी यंत्रणेने १४ पोलिसांविरुद्ध मंजुरी मागितली आणि सरकारने ४ जणांपुरती दिली. उरलेल्या १० जणांची निर्दोषता कुठल्या साक्षीने सिद्ध झाली? १६ ऑगस्ट २०२४ ला कर्नाटकाच्या राज्यपालांनी मैसूरच्या भूखंड प्रकरणी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांविरुद्ध परवानगी दिली, तेव्हा काँग्रेसवाल्यांना राजभवनाचा पक्षपात दिसला. २०११ मध्ये येडियुरप्पांच्या वेळी तोच भाजपवाल्यांना दिसला होता. दोघांचा राग खरा मानला, तर दोघांनीही या किल्लीचा ताबा दुसरीकडे द्यायला तयार व्हायला हवे. होत नाहीत.

दुसऱ्या टोकाला मंजुरीच मुळासकट उपटा म्हणणारे आहेत. त्यांच्याशीही माझे जमत नाही. खोट्या तक्रारींचा सुळसुळाट ही कल्पना नव्हे. जमिनीचा निकाल विरोधात गेला की तहसीलदारावर फौजदारी करणारे महाभाग प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. पण एक गोष्ट हे दोन्ही पक्ष विसरतात. कलमाचे छत्र फक्त सरकारच्या मंजुरीविना पदावरून न काढता येणाऱ्यांनाच मिळते. खालच्या पातळीवरच्या वरिष्ठाने काढता येणाऱ्या तलाठ्याला, कारकुनाला ते मिळतच नाही. खोट्या तक्रारीचा सर्वाधिक त्रास ज्याला, तोच उघडा. म्हणून १९७ चे उत्तराधिकारी कलम राहू द्यावे. पण निर्णय सरकारच्या हातून काढून लोकायुक्तांसारख्या स्वतंत्र हाती द्यावा, कारणे लेखी असावीत, आणि संशयाच्या प्रकरणात प्रश्न माताजोग दुबेच्या मुभेनुसार पुराव्यानंतर सोडवावा. नव्या संहितेने १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानायची तरतूद केली, ही या क्षेत्रातली बऱ्याच वर्षांतली एकमेव चांगली बातमी. त्याच संहितेच्या कलम १७५(४) ने मात्र तपासाच्या आदेशाआधी वरिष्ठाचा अहवाल आणि आरोपी अधिकाऱ्याचे म्हणणे मागवून नवे वळण घातले. भ्रष्टाचाराच्या कायद्यात तर तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती उलटली तरी मंजुरी आपोआप मिळत नाही.

अलीकडची निकालपत्रे शेकडो पानांची होतात आणि बोस यांचा एक परिच्छेद त्यांत तळटिपेसारखा येतो. वर्तमानपत्रांत बातमी येते ती ‘मंजुरी मिळाली’ किंवा ‘नाकारली’ एवढीच. कुणी, किती दिवसांनी, कोणत्या कारणाने, हे त्यात नसते. वाचकांनी ते विचारावे. मंजुरी नाकारणाऱ्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागावी, आणि तिच्यात कारण म्हणून काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.