कोनातून कोनात

बी.ए.च्या मराठीच्या वर्गातल्या मुलीच्या बॅगेत मिनी ड्राफ्टर बघून आमच्या सोसायटीत खूप थट्टा झाली. कुणी विचारलं, ‘एंजिनिअरिंगला शिफ्ट झालीस काय?’ तसं काही नाही. या उन्हाळ्यात मी हरमलला, माझ्या शापायचं घर कागदावर उतरवायला शिकले. आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर, आणि मग चूक कळल्यावर पुन्हा हाताने. ती चूक कशी झाली आणि कशी सापडली, हे सांगितलं की ड्राफ्टिंग म्हणजे काय ते बरंचसं सांगून होईल, म्हणून हा लेख.

आम्ही राहतो डिचोलीत, पण माझं आजोळ पेडणे तालुक्यात. कदंबाने म्हापशाला उतरून बस बदलायची, पुढे हरमल. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे बल्कांव, मागे रांदची कूड, म्हणजे स्वयंपाकघर. ही कूड शापायने नंतर स्वतः उभी राहून बांधून घेतली. आता तिचे वासे वाळवीने खाल्लेत. मामाचं म्हणणं, पावसाआधी ती पाडून तिथे भाड्याने देण्यासारख्या दोन खोल्या काढू. हरमलात आज कोण काढत नाही? शामाय म्हणाली, पाडायचं ते पाडा, पण आधी आहे तसं लिहून ठेवा. ‘लिहून’ हा तिचाच शब्द. घरातली लिहिणारी मी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

घराचा नकाशा घरात नव्हताच. सर्व्हे प्लॅन होता, पण त्यावर प्रमाण लिहिलंय 1:1000. म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर एक मिलिमीटर. आमची भिंत 52 सेंटिमीटर जाड आहे. ती त्या कागदावर अर्धा मिलिमीटर, नुसती पेन्सिलीची रेघ. जमिनीची हद्द दाखवायला तो कागद पुरतो, पण दार कुठे आणि चूल कुठे हे त्यात मावत नाही. त्यासाठी 1:50 लागतं, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक मीटर. प्रमाण निवडणं म्हणजे काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरवणं, हा मला पहिला धडा मिळाला.

शिकवलं माझ्या मावसबहिणीने. तिने आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड केलाय. (आपल्याकडे डिचोलीला आणि पेडण्यालाही सरकारी आयटीआय आहे. आपण बी.ए.वाले त्या गेटसमोरून जातो, आत कधी डोकावत नाही.) पहिले दोन दिवस तिने मला फक्त रेघा मारायला लावल्या. कागद बोर्डावर टेपने चिकटवायचा, ड्राफ्टर घट्ट बसवायचा, आधी 2एच पेन्सिलीने फिक्या रेघा, पक्कं झाल्यावर एच किंवा एचबीने गडद. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत राहायची, नाहीतर टोक एका बाजूने झिजतं आणि रेघ सुरुवातीला बारीक, शेवटी जाड होते. माझी पहिली वीस-पंचवीस पानं अशीच वाया गेली.

मला सगळ्यात आवडली ती रेघांची भाषा. जाड सलग रेघ म्हणजे समोर दिसणारी किंवा कापलेली कड. तुटक रेघ म्हणजे आहे, पण इथून दिसत नाही. एक लांब, एक आखूड अशी साखळीरेघ म्हणजे वस्तूचा मध्य. ती प्रत्यक्षात कुठेच नसते, पण तिच्याशिवाय मांडणी होत नाही. बारीक सलग रेघ मापांसाठी. आपण व्याकरणात विरामचिन्हं शिकतो तसंच हे. फरक एवढाच, की इथे स्वल्पविराम चुकला तर भिंत चुकते.

घराचा प्लॅन म्हणजे वरून काढलेला फोटो, असं मला वाटायचं. तसं नाही. वरून फोटो काढला तर कौलंच दिसतील. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण मीटरभर, सव्वा मीटर उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि मग सरळ खाली बघायचं. म्हणून त्यात दारं-खिडक्या दिसतात आणि छप्पर दिसत नाही. उभं कापलं की होतो सेक्शन. हा शब्द मात्र मला लहानपणापासून ठाऊक होता, कारण डिचोलीच्या माणसाला सेक्शन समजावून सांगावा लागत नाही. खाणीने डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला आम्ही शाळेत जाता-येता बघितलाय. वरचा जांभा, खालची माती आणि खनिज, सगळे थर उघडे. डोंगराचं आतलं अंग बाहेरून दिसतं, तोच सेक्शन.

एकाच वस्तूची दोन दृश्यं, एक वरून आणि एक समोरून, एकमेकांना बांधून ठेवायची ही पद्धत गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात शास्त्र म्हणून मांडली. किल्ले बांधायला ती इतकी उपयोगी पडली, की फ्रेंच लष्कराने कित्येक वर्षं ती गुप्त ठेवली. आज आपल्याकडे बारावीनंतरची मुलं तीच पद्धत परीक्षेसाठी रटतात. भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, म्हणजे समोरचं दृश्य वर आणि वरून दिसणारं त्याच्या खाली. अमेरिकेत याच्या उलट. म्हणून शीटच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह काढतात, की वाचणाऱ्याने कोणत्या बाजूने वाचायचं ते कळावं.

आता मोजणी. बहिणीने एक गोष्ट पक्की सांगितली: लांब भिंतीवर खिडक्या-दारं असतील तर प्रत्येक तुकडा वेगळा मोजू नको. टेपचं शून्य कोपऱ्यावर धर, टेप शेवटपर्यंत ताण, आणि येईल त्या प्रत्येक कडेचा आकडा वाचत जा. तुकडे मोजून बेरीज केली तर प्रत्येक तुकड्यातली चूकही बेरजेत येते. मी आणि मामाचा मुलगा दोन दिवस मोजत होतो. तो टेप धरायचा, मी कच्च्या आकृतीवर आकडे लिहायचे. घर चौदा मीटर लांब आणि बारा मीटर खोल, म्हणजे 1:50 ने 28 बाय 24 सेंटिमीटर, ए-थ्री कागदात नीट बसलं. बल्कांव, साल, दोन झोपायच्या खोल्या हे सगळं पटकन झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रांदची कूड शेवटी. चार भिंती, आतून मोजल्या: 4.20, 3.60, 4.18 आणि 3.55 मीटर. तोवर माझा हात दुखायला लागलेला आणि बहीण लॅपटॉप घेऊन आलेली. म्हटलं, हे सरळ ऑटोकॅडमध्येच काढू.

ऑटोकॅड 1982 सालचं. त्याच्याही आधी, 1963 मध्ये, इव्हान सदरलँड या विद्यार्थ्याने एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला होता. त्यात पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने चित्र काढता यायचं. स्वतःचा लॅपटॉप असेल आणि पैसे नसतील तर लिब्रेकॅड फुकट मिळतं, सपाट नकाशांना तेवढं पुरतं. मी घरी तेच वापरते. कागदावरून स्क्रीनवर गेल्यावर सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते: इथे प्रमाण नसतं. 4.20 मीटरची भिंत 4.20 मीटरचीच काढायची. लहान करणं प्रिंट काढताना. मी सवयीने प्रत्येक आकड्याला पन्नासने भागत बसले होते, बहीण हसून हसून लोळली.

बाकी सोपं वाटलं. लाइन, आकडा, एंटर. भिंतीची एक बाजू काढली की ऑफसेट 0.52 दिलं की दुसरी बाजू आपोआप समांतर. जास्तीच्या रेघा ट्रिमने छाटायच्या. आणि लेअर. ट्रेसिंग पेपरचे थर एकावर एक ठेवल्यासारखं. एकावर भिंती, एकावर मापं, एकावर पाडायचा भाग. हवा तो थर दाखवायचा, नको तो झाकायचा. कागदावर यासाठी तीन वेळा नकाशा काढावा लागला असता.

मी ऑर्थो चालू ठेवून काढत होते. ऑर्थो म्हणजे रेघ फक्त आडवी किंवा उभीच जाणार, वाकडी जाऊच शकत नाही. एफ-एट दाबलं की चालू. नवशिक्याला हे फार बरं वाटतं. उजवीकडे 4.20, वर 3.60, डावीकडे 4.18, खाली 3.55. शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळेना. दोन सेंटिमीटर आडवं आणि पाच सेंटिमीटर उभं अंतर राहिलं. मला वाटलं, टेप सैल पडला असेल. टोक ओढून जुळवलं, चौकोन बंद केला, प्रिंट काढला. काय छान दिसत होता!

दुसऱ्या दिवशी छप्पर बघायला मेस्त आला. वय सत्तरीच्या पुढे, शापायच्या हाताखाली काम केलेला. त्याने माझा कागद उलटासुलटा केला आणि पेडणेकरी कोकणीत एकच विचारलं, ‘कोनातून कोनात मोजलंस काय, बाय?’

मोजलं नव्हतं. मग दोघांनी मोजलं. एक कर्ण 5.59 मीटर, दुसरा 5.42. सतरा सेंटिमीटरचा फरक. खोली काटकोनात असती तर दोन्ही कर्ण सारखे आले असते. चार बाजू कळल्या तरी चौकोन ठरत नाही, हे मी दहावीत शिकलेय. चार काड्या टोकाला बांधून बघा, तो सांगाडा कुठेही कलतो. त्रिकोण कलत नाही. म्हणून खोली नेहमी त्रिकोण करून मोजायची. गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार, पाच हात मोजून गुण्या बसवतो, त्यातही हेच आहे. आकड्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला होता, ती पाच सेंटिमीटरची फट म्हणजे तेच, आणि मी ती ओढून बंद केली.

त्या संध्याकाळी लॅपटॉप मिटून कागद घेतला. हे तुम्हीही करून बघा, वहीच्या पानावर जमतं. 1:50 ने 84 मिलिमीटरची रेघ ओढा, ही पुढची भिंत. डाव्या टोकावर कंपास ठेवून 71 चा कंस मारा (3.55 ची भिंत), उजव्या टोकावरून 108.4 चा (5.42 चा कर्ण). ते छेदतात तिथे मागचा डावा कोपरा. मग डाव्या टोकावरून 111.8, उजव्यावरून 72. तो मागचा उजवा कोपरा. पाच मापांत खोली पक्की झाली. सहावं माप अजून वापरलेलं नाही, मागची भिंत, 4.18. आता दोन कोपऱ्यांमध्ये पट्टी लावा. 83.6 आलं तर मोजणी बरोबर. माझ्या पट्टीवर साडेत्र्याऐंशीच्या किंचित पुढे आलं. मी ते चारदा मोजलं.

मग तेच स्क्रीनवर, ऑर्थो बंद करून. कंपासच्या जागी सर्कल, त्रिज्या 3.55, त्रिज्या 5.42, आणि छेदबिंदूला स्नॅप. कॉम्प्युटरला कंस काढता येत होते, मी मागितले नव्हते एवढंच. नवीन चौकोन जुन्यावर ठेवला तेव्हा मागचे दोन्ही कोपरे आठ-दहा सेंटिमीटर उजवीकडे सरकलेले दिसले. आख्खी खोली तिरकी. भिंती तेवढ्या जवळपास समांतर, म्हणजे बांधणाऱ्याचा हात चुकला असंही म्हणता येईना.

शामायला विचारलं. ती चुलीजवळ बसलेली. म्हणाली, डावीकडून शेजाऱ्यांची विहिरीची वाट जाते ना, ती तिरकी आहे. तेव्हा बायका कमरेवर घागर घेऊन जायच्या. तुझ्या शापायने वाट अडू नये म्हणून भिंत वाटेच्या बाजूने फिरवली. गवंडी सरळ काढूया म्हणत होता, हा ऐकेना.

मी मामाला दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून दाखवले. नवीन खोल्या माझ्या पहिल्या, सुंदर, काटकोनी नकाशावरून बांधल्या असत्या तर मागचा डावा कोपरा दहा सेंटिमीटर वाटेत गेला असता. आज तिथून घागर जात नाही, पण शेजारची म्हातारी बाई काठी टेकत त्याच वाटेने येते. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘लेअर कर एक. वाट त्याच्यावर घाल.’ खोल्यांचं अजून ठरायचं आहे. या वर्षापुरते वासे तेवढे बदलायचे, असं सध्या चाललंय.

वाट मी बारीक तुटक रेघेने घातली. बहीण म्हणाली, हे नियमात बसत नाही, तुटक रेघ झाकलेल्या कडेसाठी असते. बसत नसेल. शीटच्या खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत प्रमाण, तारीख, मोजणाऱ्यांची नावं लिहितात. तिथे मामाच्या मुलाचं, माझं आणि मेस्ताचं नाव आहे.

छपराचा सेक्शन राहिलाय. आढ्यापर्यंत मामाची शिडी पोचत नाही. रविवारच्या मिस्सानंतर मेस्त आपली घेऊन येणार आहे.