सुई टोचल्याची वही

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी, भांडुपच्या आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारणीची नात मुलुंडला माझ्याकडे आली. पश्चिम उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात ती एजन्सीमार्फत नर्स म्हणून लागली आहे. रात्रपाळीत रक्त काढल्यावर सुई तिच्या बोटात घुसली होती. त्याला ३६ तास होऊन गेले होते आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "आजी, सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." तिला तशीच उठवून मी सरकारी रुग्णालयात नेलं. एचआयव्ही टाळणारी गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पुढे २८ दिवस घ्यावी लागते. वेळेत सुरू झाली. पण तिच्या रुग्णालयात सुई टोचल्याची नोंदवहीच नाही, हे ऐकलं तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. ती वही आम्ही भांडून मिळवली होती.

मी १९८३ साली उपनगरातल्याच एका सार्वजनिक रुग्णालयात लागले. पहिल्या दहा-बारा वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. काचेच्या सिरिंज उकळायच्या, सुईचं टोक कापसावर ओढून बघायचं, वापरलेले ग्लोव्हज धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा ऑटोक्लेव्हला पाठवायचे. सुई टोचली तर स्पिरिटचा बोळा दाबून पुढच्या खाटेकडे वळायचं.

१९९५ ते २००५ ही दहा वर्षं मात्र मनातून जात नाहीत. वॉर्डात एचआयव्हीचे रुग्ण वाढत होते. त्यांच्या केसपेपरवर लाल शाईची खूण व्हायची. त्यांच्यासाठी ग्लोव्हजचे दोन-दोन जोड, आणि शेजारच्या खाटेला उघडे हात. त्या खुणेने रुग्णाचा अपमान झाला आणि आमचं रक्षणही झालं नाही. ज्याची तपासणीच झालेली नाही, त्याच्या रक्तात काय आहे हे कुणाला ठाऊक? शिवाय जास्त धोका होता तो काविळीचा. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बीची, लस घेतली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत. लस परदेशी होती, महाग होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, तेव्हा कुठे ती आवाक्यात आली. आम्ही ती पदरच्या पैशांनी टोचून घेतली.

आमच्या वॉर्डातल्या सफाई कामगार मामांनी घेतली नव्हती. कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई त्यांच्या मांडीत गेली. काही महिन्यांनी कावीळ झाली आणि मामा गेले. कामावर टोचल्याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून मामींना कसलीही भरपाई मिळाली नाही. वरिष्ठांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "नीट बघून काम करत जा." त्या वाक्याला मी आजही माफी दिलेली नाही. काळ्या पिशवीच्या आतली सुई माणसाने बघायची कशी?

त्याच आठवड्यात आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी बाजारातून दोनशे पानी वही आणली. तारीख, वेळ, कोणाला टोचली, काय करताना टोचली, सुयांचा डबा कुठे होता. वरून हुकूम आला की हा प्रकार बंद करा, रुग्णालयाची बदनामी होईल. सिस्टरांनी वही कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. युनियनचे लोक दोनदा साहेबांसमोर जाऊन बसले, तेव्हा वहीवर शिक्का बसला.

वर्षभराने आम्ही ती वाचायला घेतली. बहुतेक सुया वापरून झाल्यावर टोपण परत लावताना टोचल्या होत्या. टोपण का लावायचं? कारण डबा वॉर्डाच्या दाराशी, आणि उघडी सुई घेऊन वीस खाटा ओलांडायच्या कशा? डबा ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर आला, टोपण लावणं बंद झालं आणि नोंदी घटत गेल्या. इतकी वर्षं दोष आमच्या हातांना दिला जात होता. चुकीची होती ती डब्याची जागा. तोवर १९९८चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियमही आले होते. रंगीत पिशव्या, न फुटणारे डबे आता मागून मिळू लागले. आणि आम्ही मागू शकलो, कारण आमच्या नोकऱ्या कायम होत्या.

पुढची वर्षं भराभर गेली. २०१४ साली मी निवृत्त झाले. २०१६च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक केलं. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि ती २८ दिवसांची औषधं मालकाची जबाबदारी ठरवली. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही. २०२० साली मरोळचं सेव्हन हिल्स, गोरेगावचं नेस्को कोविडच्या रुग्णांनी भरलं, तेव्हा घामाने निथळत पीपीई किट चढवणाऱ्यांत अशा कंत्राटी मुली-मुलं कितीतरी होती. २२ मार्चला सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. त्या मुलांना टाळ्यांपेक्षा कामावर टोचलं, लागलं, आजार झाला तर न घाबरता सांगता येईल अशी नोकरी हवी होती. ती अजून मिळालेली नाही. कायदा कागदावर वाढला, आणि तो मागणारं माणूस मात्र अकरा महिन्यांच्या करारावर आलं.

रुग्णालयातून परतल्यावर मी त्या मुलीपुढे कागद ठेवला आणि आमच्या वहीतले रकाने पाडून दिले. तारीख, वेळ तिने भरली. 'काय करताना' समोर लिहिलं, टोपण लावताना. मग पेन थांबवून विचारलं, "आजी, डबा कुठे होता तेही लिहायचं?"

"लिही."

तिने लिहिलं : दाराजवळ.