सीडीत न मावलेलं घर

कौटुंबिक मालिका टीव्हीवर संपली की पुढे तिचं काय होतं, ती विकत घेऊन घरी ठेवता येते का, असा विषय संपादकांनी दिला. असा विषय हातात आला की लिहिणारा अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंकडे वळतो. मला मात्र पहिल्यांदा हरसूल आठवलं. नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेरा घाट ओलांडला की त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा भाग लागतो. गुजरातची हद्द इथून जवळ. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर समाजांची वस्ती, आणि भात, नागली, वरईची शेती. पावसाळ्यात डोंगर दिसेनासा होईल एवढा पाऊस, आणि भात निघालं की कितीतरी घरांना कुलूप. माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात, काही त्याहूनही लांब, आणि शिमग्याला परततात.

अशा घरात रोजची मालिका पाहायची कशी? रोज रात्री ठरलेल्या वेळी माणूस त्याच घरात, त्याच पडद्यासमोर असेल, हे गृहीत धरूनच मालिका रचलेली असते. चार महिने बागेच्या कडेला पाल ठोकून राहिलेली बाई परत येते तेव्हा मालिकेतल्या सुनेचं बाळंतपण उरकलेलं असतं आणि घराच्या वाटण्याही झालेल्या असतात. सुटलेली गोष्ट परत मिळवायची तर ती एखाद्या वस्तूत साठवलेली हवी, बाजारात विकत मिळायला हवी आणि परवडायलाही हवी. ‘होम व्हिडिओ’ हा शब्द शहरात चैनीच्या खात्यात पडला. त्याची खरी गरज होती ती इथे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस कॅसेट आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्याच काळात व्हीसीआरही पसरला. मुंबईत १९६२ साली पुस्तकांचं फिरतं वाचनालय म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ पासून व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांत कॅसेट कुणी विकत घेत नसे. हळदीला, गणपतीला, सत्यनारायणाला ‘व्हिडिओ आणायचा’ म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार सिनेमे एका रात्रीच्या भाड्याने आणायचे, आणि उजाडेपर्यंत सगळ्या पाड्याने पाहायचे.

मग व्हिडिओ सीडी आली. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी १९९३ साली तिचे नियम ठरवले. अमेरिका-युरोपात ती फारशी रुजली नाही, आशियात मात्र घरोघर गेली. ग्रेटर नोएडात सीडी बनवणारी मोझर बेअर ही कंपनी २००६-०७ च्या सुमारास होम व्हिडिओत उतरली आणि तिने व्हीसीडीची किंमत २८ रुपयांवर आणि डीव्हीडीची ३४ रुपयांवर आणली. सिनेमा विकत घेऊन घरात ठेवणं मजुरी करणाऱ्या माणसाच्या आवाक्यात आलं ते तेव्हा.

हरसूलच्या पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात मागच्या फळीवर असा एक व्हीसीडी प्लेअर उघडा पडलेला होता. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो, कारण या यंत्राचा जीव किती लहानशा भागात असतो ते तिथे डोळ्यांनी दिसत होतं. दुरुस्तीवाले त्या भागाला नुसतं ‘लेन्स’ म्हणतात. प्रत्यक्षात तो लेसर, भिंग, प्रकाश टिपणारे डायोड आणि भिंगाला वर-खाली, डावं-उजवं हलवणारी तारेची वेटोळी असा पुरा जुडगा असतो. सोनीची केएसएस-२१३ ही लेन्स भारतात विकल्या गेलेल्या असंख्य प्लेअरमध्ये होती. सीडीवरच्या दोन ओळींमध्ये अंतर असतं १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून जास्त ओळी. ती बारीक ओळ लेसरखालून ठरावीक वेगाने सरकली पाहिजे. म्हणून वाचन सीडीच्या आतल्या कडेला सुरू होतं तेव्हा सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. सीडी किंचित वाकडी असते, डुगडुगत फिरते, आणि तरीही भिंग क्षणाक्षणाला आपली जागा सुधारत त्या ओळीवर टिकून राहतं. चुलीचा धूर आणि चार महिन्यांची ओल सोसत हे काम करणाऱ्या यंत्राबद्दल मला मनापासून आदर वाटला.

लेन्सवर धूर बसला की स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ती पुसायची, हा पहिला उपाय. लेसर क्षीण झाला तर जुडग्याच्या कडेला एक चिमुकला प्रीसेट असतो. तो केसभर फिरवला की लेसरला जास्त करंट मिळतो आणि प्लेअर पुन्हा सीडी वाचू लागतो. पण असा लेसर लवकर मरतो, हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असतं आणि तसं तो गिऱ्हाइकाला सांगतोही. नवी लेन्स घेण्याइतके पैसे नसलेल्या घराला तेवढीच काही महिन्यांची मुदत मिळते.

सीडी पुसण्याचीही रीत आहे. बहुतेक घरांत पदराने गोल गोल पुसतात आणि तिथेच घात होतो. माहितीची ओळही गोलच जाते. त्यामुळे गोल ओरखडा एकाच ओळीवर लांबपर्यंत चालतो, तर मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक ओळ एकदाच कापतो. सीडीत चुका भरून काढण्याची गणिती सोय असते आणि ओळीच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान ती भरून काढते. संगणकाच्या सीडीत या सोयीवर आणखी एक संरक्षक थर असतो. व्हीसीडीत जास्त वेळाचं चित्र मावावं म्हणून तो थर काढून टाकला. माहितीच्या प्रत्येक खंडात २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट मिळाले आणि एका सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र बसलं. गाणी ऐकण्याच्या सीडीत चुकलेला क्षण शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भरता येतो. व्हीसीडीला तीही सवलत नाही, म्हणून ती लवकर अडखळते.

अडखळते ती कशी, तेही पाहण्यासारखं आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं, प्रत्येक ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. सगळी पूर्ण साठवायला जागा नाही. म्हणून मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचं आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त काय बदललं याची नोंद करायची. ओरखडा त्या पूर्ण चित्रावर आला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोन विखुरतात.

या पद्धतीला कौटुंबिक नाट्य फार मानवतं, हे माझ्या ध्यानात तिथेच आलं. दिवाणखाना तोच, भिंत तीच, दोन माणसं बसून बोलताहेत, हलताहेत फक्त ओठ आणि पापण्या. बदल कमी, म्हणून तुटपुंज्या माहितीतही चेहरा स्वच्छ उमटतो. मारामारीच्या सिनेमात आणि घोळक्याच्या नाचात हीच सीडी धापा टाकते. आवाजाची नोंद चित्राच्या मानाने उत्तम, आणि घरगुती नाट्य तर मुख्यतः कानानेच पाहिलं जातं. स्वयंपाक करता करता पाठमोरं ऐकता यावं असेच त्याचे संवाद असतात. तंत्राच्या दृष्टीने व्हीसीडी आणि कौटुंबिक मालिका ही जोडी जमणारी होती. तरी ती जमली नाही, आणि पहिली अडचण लांबीची होती.

ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झालं आणि मराठीत रोजच्या मालिकांचं युग आलं. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. जाहिराती वगळून भाग बावीस मिनिटांचा धरला तर एका व्हीसीडीत तीन भाग मावतात. म्हणजे एका मालिकेला हजारावर सीड्या, आणि २८ रुपयांच्या भावानेसुद्धा २८ हजार रुपये. त्या कुणी छापायच्या, कुठल्या दुकानात मांडायच्या? दूरदर्शनच्या काळातल्या मालिकांचं माप वेगळं होतं. १९८४ च्या ‘हम लोग’चे दीडशेच्या वर भाग, १९८६ च्या ‘बुनियाद’चे शंभराच्या वर. त्या पस्तीस-पन्नास सीड्यांत बसतात. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारख्या मालिकेचा सिनेमा करता येईल. सिनेमा दोन सीड्यांत मावतो. पण सिनेमा म्हणजे ती मालिका नव्हे. रोज थोडं थोडं साचत जाणं हाच मालिकेचा गुण, आणि तोच तिला बाजारात नडला.

दुसरी अडचण हक्कांची, आणि ती लांबीहून चिवट आहे. ‘द वंडर इयर्स’ ही अमेरिकेची गाजलेली कौटुंबिक मालिका १९९३ साली संपली आणि तिचा पूर्ण संच बाजारात आला २०१४ मध्ये. मधली वीस वर्षं त्यातल्या शेकडो गाण्यांच्या परवानग्यांत गेली. आपल्या मालिकांतही रेडिओवर जुनं गाणं लागतं, बारशाला कुणीतरी सिनेमातलं गाणं म्हणतं. टीव्हीपुरती घेतलेली परवानगी सीडीला चालत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवण्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क दिले असं मानता येत नाही. लेखक आणि संगीतकारांच्या बाजूने ही दुरुस्ती अगदी योग्य आहे. पण जुनी मालिका नव्याने बाहेर काढायची तर कराराचा एकेक कागद शोधावा लागतो.

अधिकृत प्रत नाही म्हटल्यावर मागणी दुसरीकडे वळली. सीडीवर निर्मात्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता छापण्याची सक्ती १९८४ पासून कायद्यात आहे, तरी आठवडे बाजारांत पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या सीड्या उघड विकल्या जात. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही आणलं. पुढे सीडी मागे पडली आणि मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं, आणि वाहिन्यांच्या अर्ध्या इंच रुंदीच्या जुन्या फिती ज्यांवर चालत ती यंत्रं विकणं सोनीनेही त्याच वर्षी बंद केलं.

माझी खरी काळजी इथे आहे. फीत शाबूत असली तरी ती चालवणारं यंत्र उरत नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचा मजकूर २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घेतला नाही तर त्यातला बराचसा कायमचा हातचा जाईल. ती मुदत आता उलटली आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवण्याची सक्ती करणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. टीव्ही मालिकेची प्रत कुठे जमा करावी असा नियम मात्र नाही. दोन पिढ्यांच्या मराठी बायकांनी कुटुंबाबद्दल जे रोज ऐकलं आणि ज्यावर वाद घातले, त्याची प्रत ठेवायची की पुसायची हे प्रत्येक वाहिनी आपल्या सोयीने ठरवते. हे मला मान्य नाही.

मागणी दोनच गोष्टींची आहे. पुस्तकांसारखीच मालिकांचीही प्रत जमा करण्याची सक्ती कायद्याने व्हावी, आणि जमा झालेलं पाहायला मुंबई-पुण्याला जावं लागू नये. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, त्र्यंबकेश्वरला आणि हरसूललाही, ते बसून पाहता यावं. शिमग्याला घरी परतलेल्या बाईला सुटलेले चार महिने तिथे पाहता येतील.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या माळ्यावर टीव्हीवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी असतील तर त्या भंगारात देऊ नका. मालिकेचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून वर लावा, ओल लागणार नाही अशा जागी उभ्या ठेवा, आणि व्हीसीआर चालू असलेला कुणी सापडला तर या पावसाळ्याआधी त्या उतरवून घ्या. वाहिनीकडे नसलेला एखादा भाग तुमच्याच कॅसेटमध्ये असू शकतो.