विमान आणि कापसाचा ट्रक

विमान जागच्या जागी का उडत नाही? आम्ही वर्गात पतंगाचा दाखला देत असू. पोर पतंग घेऊन आधी धावते. वारा लागला की पतंग चढतो. विमानाचेही तसेच. पुण्याला लोहगावच्या धावपट्टीवर विमान आधी जोरात धावते. पंखांना पुरेसा वारा मिळाला, की पायलट त्याचे नाक वर उचलतो. मग ते जमीन सोडते. ओझे जास्त आणि ऊन कडक असले, तर धाव लांब लागते. कारण तापलेली हवा विरळ होते.

आता २६ एप्रिल १९९३ ची गोष्ट पाहू. त्या वेळच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, इंडियन एअरलाइन्सचे विमान भर दुपारी मुंबईला निघाले. आत ११८ माणसे होती. नाक उचलायला उशीर झाला. धावपट्टी संपली. पुढेच बीडचा रस्ता होता. त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाचे चाक ट्रकवर आदळले. पुढे विजेच्या तारांना धडकून विमान कोसळले व पेटले. ५५ माणसे दगावली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणे निघाली. एक, पायलटने विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले. दुसरे, विमान उडताना रस्त्यावरची वाहने कोणी थांबवली नाहीत. आकाशातला एक चुकला आणि जमिनीवरचाही चुकला.

रेल्वेचे फाटक लागले की आपण कुरकुरतो, खालून वाकून जातो. तसे करू नये. दोन मिनिटे थांबावे. रस्ता मोकळा ठेवणे हेही जीव वाचवणेच आहे.