पोलादही थकते!

जाड लोखंडी तार हातांनी कितीही ओढा, तुटणार नाही. तीच तार एका जागी पुढे-मागे वाकवत राहा. थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतील. एकदाच्या मोठ्या जोराला न जुमानणारा धातू पुनःपुन्हा पडणाऱ्या लहान जोरापुढे हार खातो. यालाच धातूचा शीण किंवा 'फटीग' म्हणतात.

1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने अशा आसांवर अनेक वर्षे प्रयोग केले. भार जितका कमी, तितके फेरे पोलाद अधिक सोसते, असे त्याला आढळले.

आपल्या अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे खास धावपट्ट्यांवर वाहनांची परीक्षा होते. पण गाडी धावपट्टीवर येण्याआधी तिच्या पोलादाची परीक्षा व्हावी लागते. विजेच्या गाडीत तर ती अधिकच कडक हवी. का बरे?

हिशेब करू. मोटर मिनिटाला 10,000 फेरे फिरली, तर तिच्या आसावरील दंतचक्राचा प्रत्येक दात तासाला 6 लाख वेळा भार घेतो. 17 तासांच्या आतच 1 कोटी! शिवाय ब्रेकच्या वेळी मोटर उलट वीज निर्माण करते, तेव्हा दाताच्या दुसऱ्या बाजूवरही भार येतो.

लोहार विळ्याला 'पाणी देतो' हे तुम्ही पाहिले असेल. कारखान्यात दंतचक्रे सुमारे 900 ते 950 अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत तापवतात आणि मग तेलात बुडवतात. त्यामुळे वरचे कवच कठीण होते, गाभा मात्र चिवट राहतो. कवचात दाबही साठतो. तडा उघडायला ताण लागतो. हा दाब त्याला मिटवून धरतो.

हे संस्करण नीट झाले की नाही, ते कसे कळणार? नमुन्याची दांडी भार लावून गरगर फिरवतात. प्रत्येक फेऱ्यात तिच्या पृष्ठभागावर एकदा ताण, एकदा दाब येतो. मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी 1 कोटी फेऱ्यांना सुमारे 56 तास लागतात. दांडी मोडलीच, तर तुकड्यावर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात. त्यांचा माग काढला, की तडा जिथे सुरू झाला ती जागा सापडते. कधी तो हत्याराचा बारीक ओरखडा असतो, तर कधी पोलादातला मळीचा कण.

शिणलेले पोलाद बहुधा आधी सूचना देत नाही. म्हणूनच माळशेज घाटात मोडण्यापेक्षा ते प्रयोगशाळेत मोडलेले बरे!